भाचीला पायलट व्हायचंय: परदेशातलं ट्रेनिंग, कर्ज आणि रोडलगतची तीन एकर

औसा_नाका
मंडळी, घरचा प्रश्न आहे, जाणत्यांनी मोकळेपणानं सांगावं. भाची यंदा बारावी झाली, फिजिक्स आणि मॅथ्स दोन्ही आहेत. लातूरला राहून शिकली म्हणजे घरच्यांनी मेडिकलची 'नीट' परीक्षा गृहीतच धरलेली. मार्कही बरे आहेत. पण तिनं आता सरळ सांगितलंय की रिपीट करणार नाही, पायलट व्हायचंय. हे खूळ नवं नाही, दहावीपासून ऐकतोय.

दाजींची औशाकडं अकरा एकर आहे. सोयाबीन, हरभरा, थोडा ऊस. गावात कृषी सेवा केंद्र चालवतात. ताई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका.

परवा लातूरच्या एका हॉटेलात पायलट ट्रेनिंगचं सेमिनार झालं, तिथं बापलेक जाऊन आले. सांगितलं असं की अमेरिका घ्या नाहीतर साऊथ आफ्रिका, ४२ लाखांचं पॅकेज, १४ महिन्यांत लायसन्स, आल्याआल्या नोकरी. महिनाअखेरच्या आत २ लाख भरून सीट बुक करायची. दाजी आता रोडलगतची तीन एकर काढायच्या गोष्टी करायलेत. आजीनं त्यावरून बोलणं टाकलंय.

विचारायचं एवढंच: हा ४२ लाखांचा आकडा खरा आहे का? कर्ज मिळतं का? आणि कुठला देश?

उजवी_सीट
२ लाख भरू नका. आत्ता ड्युटीवर निघालोय, रात्री लिहितो.

मोंढ्यातला_माणूस
लातूरच्या विमानतळावर इलेक्शनात पुढाऱ्याचं विमान उतरतंय तेवढंच, अन् पायलट मात्र गल्लोगल्ली निघायलेत. चांगलं आहे बाबा. पण रोडची जमीन कामून विकायलाव? कोरडवाहू विका म्हणलं तर गिऱ्हाईक नाही, अन् रोडची विकली की पुन्हा सात जन्मात घेणं होत नाही. पोरीला शिकवा, शंभर टक्के शिकवा. जमिनीला हात लावायच्या आधी दाजीला म्हणावं, थोडं थांब.

उजवी_सीट
आता निवांत लिहितो. मी नांदेडचा. ट्रेनिंग साऊथ आफ्रिकेत केलं, सध्या एका एअरलाइनमध्ये फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक आहे. औसा_नाका दादा, देश कुठला हा प्रश्न तुम्ही शेवटी विचारलात ते बरोबरच केलंत, कारण तो खरंच शेवटचा आहे. सेमिनारवाले तिथूनच सुरुवात करतात.

पहिला प्रश्न मेडिकलचा. कमर्शियल पायलट लायसन्स, म्हणजे सीपीएल, देतं डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, आणि ते त्यांच्या क्लास १ मेडिकलशिवाय मिळत नाही. आधी क्लास २ करायचं, ते डीजीसीएच्या यादीतले डॉक्टर करतात. पुण्यात, हैदराबादेत सहज सापडतील. त्यातून फाइल नंबर मिळाला की क्लास १. ते हवाई दलाच्या केंद्रांत, म्हणजे बंगळूरु, दिल्ली वगैरे, किंवा डीजीसीएनं नेमलेल्या नागरी केंद्रांत होतं. ईसीजी, रक्त, छातीचा एक्स-रे, कान, डोळे, सगळं बघतात. रंगांधळेपणा, कानाची अडचण, हृदयाचे ठोके अशा गोष्टी माणसाला स्वतःलाही ठाऊक नसतात आणि नेमक्या इथं उघड्या पडतात. परदेशातलं मेडिकल पास झालं म्हणजे इथलं होईलच असं नाही. क्लास १ हातात येईपर्यंत कुणालाही एक रुपया देऊ नका. या दोन्ही मेडिकलचा खर्च हजारांत आहे, पुढचा सगळा लाखांत.

दुसरं, डीजीसीएचे पेपर. एअर नॅव्हिगेशन, मेटिऑरॉलॉजी, एअर रेग्युलेशन्स, टेक्निकल. पर्यायी उत्तरांचे पेपर असतात, ७० टक्के लागतात, निगेटिव्ह मार्किंग नाही. ऐकायला सोपं वाटतं, पण नॅव्हिगेशन नीटवाल्या पोरांनाही घाम फोडतं. जाणती मुलं हे पेपर इथं काढून मगच विमानात बसतात. एक म्हणजे परत आल्यावर लायसन्स अडकत नाही, आणि दुसरं, घरच्यांनाही कळतं की पोरीला हे झेपतंय का. क्लास पुण्यात आहेत, दिल्लीत द्वारकेला तर गल्ल्याच्या गल्ल्या आहेत, ऑनलाइनही होतात. सहा-आठ महिने धरा, दोन-अडीच लाख धरा.

आरटीआर म्हणजे रेडिओवर बोलायचा परवाना, तो वेगळा. पूर्वी दूरसंचार खात्याकडं होता, २०२५ पासून नव्या भारतीय वायुयान अधिनियमामुळं डीजीसीएकडं आला. तोंडी परीक्षा असते आणि तिथं भलेभले गळतात. हाही जायच्या आधी काढलेला बरा.

एवढं झालं की मग देश.

किनवटकर
मध्येच विचारतो, पुतण्या कॉमर्सचा आहे. त्याला मार्गच नाही का?

उजवी_सीट
@किनवटकर, आहे. बारावीला फिजिक्स आणि मॅथ्स लागतात, ते एनआयओएस या सरकारी मुक्त शाळेतून नंतर देता येतात. माझ्या बॅचला कॉमर्सची मुलं होती. फॉर्म भरताना विषय नीट निवडा आणि मार्कशीट डीजीसीएच्या पोर्टलवर चढवताना नाव-जन्मतारीख आधारशी, दहावीशी जुळते ना बघा. आपल्याकडं दहावीवर एक नाव आणि पासपोर्टवर दुसरं असा घोळ फार. वडिलांचं नाव मधे येतं-जातं त्यानं महिने जातात.

औसा_नाका
दादा, खूप आभार. भाचीला चष्मा आहे, सव्वादोन नंबर. सेमिनारवाले म्हणाले काही प्रॉब्लेम नाही, लेसिक करून टाका.

उजवी_सीट
चष्मा चालतो. आमच्या फ्लीटमध्ये चष्मेवाले कितीतरी. चष्म्यानं दृष्टी नीट सुधारली पाहिजे, एवढंच. लेसिकची घाई करू नका, त्यानंतर काही काळ थांबावंच लागतं आणि कागद वाढतात. क्लास २ च्या डॉक्टरला आधी दाखवा. सेमिनारवाला डोळ्याचा डॉक्टर नाही.

गोदाकाठ
कर्जाचं मी सांगतो. राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त झालो, परभणी-हिंगोलीकडच्या शाखांत उमेदीची वर्षं गेली. शैक्षणिक कर्जं पुष्कळ पाहिली, पायलटची मोजकी, पण ती चांगलीच लक्षात राहिली.

बँकांची जी आदर्श शैक्षणिक कर्ज योजना आहे, तिच्यात डीजीसीएमान्य पायलट ट्रेनिंग देशात करायचं असेल तर त्याचा उल्लेख आहे. परदेशात गेलं की शाखाधिकारी विचारतो, डिग्री आहे का डिप्लोमा आहे? फ्लाइंग स्कूल हे विद्यापीठ नसतं. त्यामुळं एका बँकेनं नाही म्हटलं म्हणून हिरमुसू नका, दुसऱ्या बँकेच्या मोठ्या शाखेत, शक्यतो छत्रपती संभाजीनगर किंवा पुण्याला, जिथं शैक्षणिक कर्जाचा वेगळा विभाग आहे तिथं जा. नॉन-बँकिंग कंपन्या लवकर देतात, व्याज चढं घेतात.

साडेसात लाखांच्या वर तारण लागतं. परदेशी शिक्षणाला साधारण १५ टक्के रक्कम आपली घालावी लागते. आणि इथं आपल्याकडच्या माणसाची गाडी अडते, कारण शेतजमीन. दाजी म्हणतील अकरा एकर आहे, घ्या तारण. बँक घेत नाही. सरफेसी या बँकांच्या कर्जवसुलीच्या कायद्याच्या कलम ३१ प्रमाणं शेतजमिनीवर त्या कायद्यानं वसुली करता येत नाही, म्हणून शैक्षणिक कर्जाला बँकेला बिगरशेती प्लॉट, घर, दुकान, मुदतठेव, विमा पॉलिसी हवी असते. पीककर्जाला सातबारा चालतो म्हणून इथंही चालेल असं समजून माणसं फेऱ्या मारतात.

तुमच्याकडं एनए, म्हणजे बिगरशेती काही आहे का? कृषी केंद्राचं दुकान स्वतःचं की भाड्याचं? आणि ताईंचा पगार हा तुमचा सगळ्यात मोठा आधार आहे. सहकर्जदार म्हणून ताईंनाच पुढं ठेवा. दाजींचं शेतीचं उत्पन्न दाखवायचं असेल तर आडतीच्या पट्ट्या, आठ-अ, तहसीलचा दाखला लागेल. पण दुकानाचं रिटर्न भरत असतील तर त्याला वजन जास्त. तीन वर्षांचं मागतात.

आणखी एक. सातबारावर भोगवटादार वर्ग २ लिहिलंय का ते आजच बघा. आपल्याकडं निजामाच्या काळातल्या मदतमाश, खिदमतमाश इनामी जमिनी कितीतरी आहेत. ती वर्ग २ असली तर विकायला परवानगी, नजराणा, सगळं आलं. दाजी गिऱ्हाईकाकडून इसार घेऊन बसायचे आणि खरेदीखत अडकायचं.

मोंढ्यातला_माणूस
हे बगा, काका बरोबर बोलायलेत. आमच्या गल्लीतल्या एकाचं इसारावरून अजून कोर्टात चालू आहे.

जिंतूरची_लेक
मी अमेरिकेत शिकून आले, टेक्सासमध्ये. सध्या कन्व्हर्जन संपवून एअरलाइनच्या व्हेकन्सीची वाट बघतेय. कुणाला घाबरवायला लिहीत नाही, पण "१४ महिन्यांत लायसन्स, आल्याआल्या नोकरी" हे वाक्य वाचलं आणि लिहिल्याशिवाय राहवेना.

परदेशातून जे लायसन्स मिळतं ते त्या देशाचं. अमेरिकेचं एफएएचं, आफ्रिकेचं तिथल्या प्राधिकरणाचं. त्यावर भारतात एअरलाइन उडवता येत नाही. इथं येऊन ते डीजीसीएचं करून घ्यावं लागतं, त्याला आम्ही कन्व्हर्जन म्हणतो. डीजीसीए तिकडच्या प्राधिकरणाला पत्र लिहून तुमचं लायसन्स खरं आहे का विचारते, त्याचं उत्तर यायचं. इथल्या एखाद्या फ्लाइंग क्लबात पुन्हा विमान भाड्यानं घेऊन दिवसा आणि रात्री चेक द्यायचे. क्लबला स्वतःचे विद्यार्थी असतात, त्यांचा नंबर आधी. एक्झामिनर मिळाला तर विमान वर्कशॉपमध्ये, विमान आलं तर पावसाळा. माझे ह्यात बरेच महिने गेले. पाच-सात लाख ह्याचे वेगळे धरा, राहण्या-खाण्याचे वेगळे.

तासांचं पण बघा. डीजीसीएला सीपीएलसाठी २०० तास लागतात, त्यात १०० तास पायलट इन कमांड, म्हणजे विमानाची जबाबदारी स्वतःवर घेऊन, क्रॉस-कंट्री, रात्रीचे ५ तास, नुसत्या उपकरणांवर उडवायचे इन्स्ट्रुमेंटचे तास वेगळे. अमेरिकेत काही शाळा १९० तासांच्या कोर्सवर लायसन्स देतात, तिथल्या नियमात ते बसतं. पण इथं आल्यावर दहा तास कमी! शिवाय तिकडं एकाच विमानात दोन विद्यार्थी बसून, एक बाहेरचं दिसू नये म्हणून हूड लावून उडवतो आणि दुसरा बाहेर लक्ष ठेवणारा सेफ्टी पायलट म्हणून, दोघंही कमांडचे तास लिहितात. तिकडं ते कायदेशीर आहे, आणि शाळा त्याच जोरावर पॅकेज स्वस्त दाखवते. डीजीसीए ते तास धरत नाही. म्हणून शाळेकडून लेखी घ्या: डीजीसीएच्या हिशोबानं २०० तास, त्यातले १०० निखळ कमांडचे, मल्टी-इंजिन आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंगसह.

व्हिसाचं: अमेरिकेत बहुतेक फ्लाइंग स्कूल एम-१ व्हिसावर घेतात. त्यावर नोकरी करता येत नाही, पार्टटाइम पण नाही. "तिथं कमवून फेडशील" असं कुणी म्हणालं तर तिथूनच उठा. सेव्हिसची, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदणीची फी ३५० डॉलर, वर व्हिसाची वेगळी, आणि ट्रेनिंग सुरू व्हायच्या आधी तिथल्या टीएसए या वाहतूक सुरक्षा खात्याची तपासणी.

गोदाकाठ
शाब्बास बेटा. हे सेमिनारात कुणी सांगत नाही.

ढगफुटी
मग भारतातच का नको? बारामती, धुळे, गोंदिया, जळगाव, नागपूर, सगळीकडं शाळा आहेत. लातूरकरांना तर कलबुर्गी पुण्यापेक्षा जवळ. अमरावतीला बेलोऱ्यावर एअर इंडियानं २०२४ मध्ये स्वतःची संस्था जाहीर केलीय. पैसे देशात राहतात, पोरगी दिवाळीला घरी येते.

उजवी_सीट
@ढगफुटी, प्रश्न रास्त आहे आणि आता तर जास्तच रास्त. भारतात शिकलं की कन्व्हर्जनची भानगड नाही, लायसन्स थेट डीजीसीएचं. मान्यताप्राप्त संस्थेच्या मंजूर कोर्सवर जीएसटी नाही. डॉलर किंवा आफ्रिकेच्या रँडच्या दराचा झटका नाही. रायबरेलीजवळच्या फुरसतगंजला इग्रुआ ही सरकारी फ्लाइंग संस्था आहे, तिथं प्रवेश परीक्षा देऊन लागलं तर उत्तमच.

मग मुलं बाहेर का जातात? वेळ. आपल्याकडं कितीतरी शाळांत विमानं कमी, विद्यार्थी जास्त, इन्स्ट्रक्टर सोडून एअरलाइनला जातात. पावसाळ्यात महिनेच्या महिने दोरीवर वाळत घातल्यासारखे जातात. दीड वर्षाचं ट्रेनिंग तीन वर्षांवर गेलेली मुलं मी ओळखतो. त्या दीड वर्षाचं व्याज आणि हॉस्टेल मोजलं तर स्वस्त शाळा महाग पडते. म्हणून इथली शाळा बघायला जाल तेव्हा ऑफिसात बसू नका. हँगरमध्ये जाऊन विमानं मोजा, किती उडतात आणि किती उघडी पडलीयत ते बघा. मग बाहेर चहाच्या टपरीवर मुलांना एकच विचारा: गेल्या महिन्यात किती तास झाले? २०२५ पासून डीजीसीए शाळांना श्रेणी देतं, ती यादीही बघा, पण टपरीवरचं उत्तर जास्त खरं.

हवामान बाहेरही असतं बरं. आमच्याकडं जोहान्सबर्ग-प्रिटोरियाच्या पठारावर उन्हाळ्यात रोज दुपारी गडगडाट. सकाळी लवकर उडायचं, दुपारी हँगरमध्ये पत्ते. तिथला हिवाळा, म्हणजे आपले जून ते ऑगस्ट, मात्र आरशासारखा स्वच्छ. फ्लोरिडात उन्हाळाभर दुपारचा पाऊस आणि वर चक्रीवादळांचा मोसम. कॅनडात बर्फ. कुठल्या महिन्यात पोचायचं हे ठरवणं देश ठरवण्याइतकंच महत्त्वाचं. एजंट म्हणतो "पुढची बॅच", पण फ्लाइंग स्कूलमध्ये कॉलेजसारखी बॅच नसतेच बहुतेक ठिकाणी. पोरगं पोचलं, मेडिकल झालं, की सुरू.

धाकटी_वेस
मुलगा साऊथ आफ्रिकेत आहे म्हणून पैसे पाठवण्याबद्दल लिहिते. रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस या परदेशी पैसे पाठवायच्या योजनेखाली माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात, त्यामुळं मर्यादेची चिंता नाही. चिंता टीसीएसची, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक कापते त्या कराची. एप्रिल २०२५ पासून शैक्षणिक कर्जातून, म्हणजे मान्यताप्राप्त वित्तसंस्थेच्या कर्जातून गेलेल्या रकमेवर टीसीएस लागत नाही. स्वतःच्या पैशातून पाठवलं तर वर्षाला १० लाखांपर्यंत नाही, पुढच्या रकमेवर कापतात. ते बुडत नाही, पाठवणाऱ्याच्या रिटर्नमध्ये वळतं होतं, पण तोवर अडकून राहतं. आम्ही थोडे माझ्या खात्यातून, थोडे ह्यांच्या खात्यातून पाठवतो, १० लाखांची मर्यादा प्रत्येकाला वेगळी आहे.

आणि एकरकमी भरू नका!! कितीही डिस्काउंट देऊ देत. आमच्या ओळखीच्या एकानं दुसऱ्या देशातल्या एका शाळेत सगळे पैसे आगाऊ भरले, सहा महिन्यांत शाळेची अर्धी विमानं जमिनीवर आली. आता ना पैसे परत, ना तास. आम्ही टप्प्यानं भरतो, पीपीएल, म्हणजे पहिल्या खासगी लायसन्सपर्यंतचे एकदा, मग इन्स्ट्रुमेंट, मग मल्टी-इंजिन. पैसे शाळेच्या खात्यावर थेट, एजंटच्या नाही. त्याला त्याची फी वेगळी द्या आणि पावती घ्या.

डॉलरचा दर पण धरा. डिसेंबर २०२५ मध्ये रुपयानं ९० ओलांडले. ५०,००० डॉलर द्यायचे असतील तर रुपया एकनं घसरला की ५०,००० रुपये वाढले. पॅकेज रुपयात सांगणाऱ्याला विचारा, दर कुठल्या तारखेचा.

औसा_नाका
सगळ्यांचं वाचून काल ताई-दाजींसोबत बसलो. काका, दुकान भाड्याचं आहे, पण लातुरात रिंग रोडच्या पुढं ताईच्या नावावर एक एनए प्लॉट आहे. आणि रोडची जमीन काढून बघितली तर खरंच वर्ग २ आहे. दाजींना स्वतःलाच नवल वाटलं. ४२ लाखांत टाइप रेटिंग येतं का? सेमिनारात तो शब्द आला होता, पण कुणी फोड केली नाही.

उजवी_सीट
नाही येत. सीपीएल म्हणजे छोट्या विमानाचं लायसन्स. एअरलाइनचं ए३२० किंवा ७३७ सारखं मोठं विमान उडवायला त्या विमानाचं टाइप रेटिंग लागतं, सिम्युलेटरवर. पंधरा ते पंचवीस लाखांच्या घरात जातं, कुठं आणि केव्हा करता त्यावर. हातावर हिशोब मांडतो, तुमच्या एजंटचाच आकडा धरून: शाळा ४२, राहणं-खाणं-तिकीट-व्हिसा ९, डीजीसीए क्लास आणि परीक्षा अडीच, कन्व्हर्जन ६, टाइप रेटिंग १८, आणि परत आल्यावर नोकरी लागेपर्यंतचे ४. साडेएक्क्याऐंशी. म्हणजे दुप्पटच की.

यातलं टाइप रेटिंग आधीच करायची घाई करू नका. काही जण मोकळं लायसन्स आणि टाइप रेटिंग घेऊन बसतात आणि एअरलाइनला हवं असतं दुसरंच विमान. भरतीच्या जाहिराती बघून ठरवायचं. ते १८ लाख मात्र कुठून येणार हे आजच ठाऊक हवं. कर्ज आत्ताच सगळं उचललं आणि प्लॉट अडकला, तर तेव्हा तारणाला काय उरणार?

गोदाकाठ
मी हेच म्हणणार होतो. ५० लाखांचं कर्ज साडेदहा टक्क्यांनी धरा. पूर्ण उचलल्यावर नुसतं व्याज महिन्याला ४३,७५०. बारा वर्षांचा हप्ता ६१,००० च्या वर. कोर्स अधिक एक वर्ष हप्त्याची सवलत असते, पण व्याज चालूच असतं. ते जमलं तर त्या काळातच ताईंच्या पगारातून भरत जा, मुद्दलावर चढू देऊ नका. व्याजावर आयकरात आठ वर्षं वजावट मिळते, फक्त जुनी करपद्धती ठेवली तर. ताईंच्या शाळेतल्या हिशोबाच्या गुरुजींना विचारा कुठली परवडते.

प्लॉटचं मूल्यांकन बँकेचा माणूस बाजारभावानं करत नाही, हात राखून करतो. प्लॉटवर ५० लाख बसतील असं धरू नका.

मोंढ्यातला_माणूस
म्हंजे जमीन विकायची ती १८ लाखाला, शेवटी. तेही लागली तर. आधी नाही.

गोदाकाठ
अगदी. वर्ग २ ची वर्ग १ करायची प्रक्रिया मात्र आत्ताच सुरू करा. विकायची असो नसो.

बार्शी_नाका_बीड
शासनाचं काही नाही का? महाज्योतीचं ऐकलं होतं.

जिंतूरची_लेक
@बार्शी_नाका_बीड, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थेची सीपीएल योजना नागपूर फ्लाइंग क्लबात आहे, ओबीसी, भटके-विमुक्त, विशेष मागास प्रवर्गासाठी. जागा थोड्या, जाहिरात निघते तेव्हा अर्ज. ते देशातलं ट्रेनिंग. परदेशी शिष्यवृत्त्या ज्या आपल्याकडं गाजतात, राजर्षी शाहू महाराज वगैरे, त्या पदव्युत्तर आणि पीएचडीला आहेत, फ्लाइंगला नाहीत. ओबीसी महामंडळाची शैक्षणिक कर्ज व्याज परतावा योजना आहे, अभ्यासक्रमांच्या यादीत आपलं बसतंय का ते जिल्हा कार्यालयात विचारा. अनुसूचित जातीच्या मुलांनी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची नियमावली वाचावी, तिच्यात सीपीएल आहे.

ढगफुटी
एक कटू बोलू का. एवढं सगळं करून नोकरी नाही लागली तर? किंगफिशर गेली, २०१९ ला जेट, २०२३ ला गो फर्स्ट. मधे कोविड.

उजवी_सीट
खरं आहे. कंपनी बुडते तेव्हा हजार-हजार तास उडवलेले अनुभवी पायलट बाजारात येतात आणि नवीन पोरं रांगेत मागं ढकलली जातात. उलटी बाजूही आहे: इंडिगोनं २०२३ च्या जूनमध्ये ५०० विमानांची ऑर्डर दिली, एअर इंडियानं त्याच वर्षी ४७०, आकासानं २०२४ च्या जानेवारीत १५०. पायलटच्या विश्रांतीचे नियम कडक झाल्यावर डिसेंबर २०२५ मध्ये विमानं रद्द होऊन काय हाल झाले ते सगळ्यांनी बघितलंच. माणसं लागणार. पण २०२३ साली एकट्या त्या वर्षात डीजीसीएनं १,६२२ सीपीएल दिली, हे पण लक्षात घ्या. विमानं पाच-दहा वर्षांत येतात आणि पोरं आजच तयार आहेत. म्हणून परत आल्यावर किमान एक-दीड वर्ष घरी बसायची तयारी आणि त्याचे पैसे, दोन्ही हिशोबात. "नोकरीची हमी" हे शब्द लेटरहेडवर लिहून मागा, बघू देतात का.

भाचीनं ह्या काळात डिग्रीला बाहेरून नाव घालून ठेवावं. मुक्त विद्यापीठ चालेल.

आडगाव_बुद्रुक
मुलगी आहे, एवढा खर्च, उद्या लग्न झाल्यावर? राग मानू नका, गावात विचारणारच.

जिंतूरची_लेक
आमच्याही गावात विचारतात. भारतात पायलटमध्ये बायकांचं प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास आहे, जगाच्या सरासरीच्या कितीतरी वर. लग्नात तेवढाच खर्च करणाऱ्या घरांना हा प्रश्न कुणी विचारत नाही, ते एक असो.

औसा_नाका
ताजी खबर. दाजींनी एजंटला फोन करून तीन गोष्टी लेखी मागितल्या: २०० तासांची फोड, टप्प्याटप्प्यानं पैसे थेट शाळेला, आणि मेडिकल नापास झालं तर बुकिंग परत. तो आधी म्हणाला पाठवतो. मग म्हणाला, तुमच्या मनात शंका असेल तर सीट दुसऱ्याला देतो. दाजी म्हणाले द्या. आजी आता बोलायला लागलीय.

पोरीचं क्लास २ हैदराबादला ठरलंय, पुढच्या आठवड्यात. नॅव्हिगेशनचं पुस्तक मागवून बसलीय. प्लॉटचे कागद काकांनी सांगितल्याप्रमाणं काढायला दिलेत. एक शेवटचं: क्लास २ ला जाताना काय न्यायचं?

उजवी_सीट
आधार, पासपोर्ट साइज फोटो, चष्मा आणि त्याचा जुना-नवा नंबर लिहिलेले कागद. कॉन्टॅक्ट लेन्स घालत असेल तर आधीच काही दिवस बंद. पूर्वी कुठलं ऑपरेशन झालं असेल तर डिस्चार्ज कार्ड. काही लपवू नका म्हणावं, क्लास १ ला निघतंच. आणि आदल्या रात्री लातूर-हैदराबाद बसनं जागत जाऊ नका. बीपी वर दाखवतं आणि पुन्हा बोलावतात.